वाडगं रिकामं द्यायचं नसतं

हीथ्रोवर उतरणाऱ्या विमानांना शेवटचं वळण कुठे घ्यायचं ते कंट्रोल टॉवर सांगतो, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते ती सुप्रभावहिनींच्या फोडणीच्या वासावर उतरतात. निदान त्यांतली मराठी माणसं तरी.

वहिनींचे यजमान, माझा मित्र डॉक्टर मोहन खानोलकर, यांचं घर लंडनजवळ स्लाऊमध्ये, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पुण्यामुंबईहून येणारा कोणीही, "वाटेवरच आहे, नुसता डोकावतो," असा फोन करायचा. मग डोकावायचा, आंघोळ करायचा, जेवायचा, झोपायचा आणि दुसऱ्या दिवशी बरोबर डबा घेऊन बर्मिंगहॅमला किंवा लीड्सला जायचा. परतताना डबा पोचवायला पुन्हा डोकावायचा. वहिनींनी कोणाला कधी नाही म्हटलं नाही. पाहुणा दारातून आत आला की त्यांचा हात पोळपाटाकडे आपोआप जाई.

वहिनी मूळच्या साताऱ्याच्या. शहात्तर साली लग्न होऊन इंग्लंडात आल्या. मोहन तेव्हा ज्युनियर डॉक्टर होता. सहा महिने या गावच्या हॉस्पिटलात, सहा महिने त्या. त्या गावांत पाहण्यासारखं काय होतं हे वहिनींना सांगता येत नाही. पण कुठल्या क्वार्टर्समधल्या शेगडीची डावीकडची चकती तापत नसे आणि कुठली एकदा तापली की संध्याकाळपर्यंत निवत नसे, हे त्या अजूनही सांगतील. पुढे मोहन भूलतज्ज्ञ झाला आणि स्लाऊला घर झालं. वहिनी सकाळी लायब्ररीत काउंटरवर बसू लागल्या. सकाळभर लोकांना पुस्तकं द्यायची आणि उरलेला दिवस लोकांना जेवायला घालायचं.

मोहनचा आवाज हे त्याच्या व्यवसायाचं मुख्य भांडवल. मऊ, संथ, दुलईसारखा. "आता छान वाटेल हं," असं तो म्हणायला लागला की सुईआधीच पेशंट पेंगतो म्हणतात. हा आवाज बायकोवर मात्र कधी चालला नाही.

हे कुटुंब दर उन्हाळ्यात सुट्टीला जाई. वेल्समध्ये कॅराव्हान, कॉर्नवॉलमध्ये कॉटेज, लेक डिस्ट्रिक्टमध्ये आणखी एक. सगळीकडे सेल्फ-केटरिंग, म्हणजे स्वयंपाक आपला आपण. मोहनला हा शब्द फार आवडे. त्यातला 'सेल्फ' कोण, हे त्याने कधी विचारलं नाही. वहिनी समुद्र पाहायच्या तो भांडी घासताना, सिंकवरच्या खिडकीतून.

एक्क्याण्णव सालच्या मार्चमध्ये, मुंबईहून आलेल्या एका सहा जणांच्या कुटुंबाला निरोप दिल्यावर, वहिनी हात पुसत बाहेरच्या खोलीत आल्या.

"अहो, ऐका. या उन्हाळ्यात एक आठवडा मी गॅस पेटवणार नाही. मला खुर्चीत बसायचंय. कुठेही न्या, पण एक आठवडा मी काही रांधणार नाही."

"हो, हो, अगदी," मोहन त्याच्या आवाजात म्हणाला.

"तो हॉस्पिटलचा आवाज नको."

रविवारच्या पेपरातली जाहिरात वहिनींनीच शोधली. इटलीत, सिएनाजवळ, शेतावरचं घर. मुलंबाळं घेऊन राहण्याजोगं, पोहायला टाकी, आणि मालकीणबाई स्वतः रोज रात्री जेवण करून वाढणार. या शेवटच्या वाक्याखाली वहिनींनी रेघ मारली आणि कात्रण फ्रिजवर चिकटवलं. ऑगस्टपर्यंत येणारेजाणारे ते वाचून जात. काही जण तर जेवता जेवता वाचत.

पिसाच्या विमानतळावर त्यांनी छोटी गाडी भाड्याने घेतली. मोहनने मिल्टन कीन्समध्ये दोन वर्षं काढलेली. त्या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर राउंडअबाउट, गोल फिरून जायची वर्तुळं; तिथे दोन वर्षं राहिलेला माणूस त्यांना घाबरत नाही. पण इथली उलटी फिरत होती. मागच्या सीटवर मुलगी मीनल, वय चौदा, दर वळणाला "बाबा! राँग साइड!" असं ओरडत होती. वहिनी मात्र शांत होत्या. गाडी उलटली तरी चालेल, आठवडाभर स्वयंपाक नव्हता.

घर टेकडीवर होतं, दगडी. पाहुण्यांच्या खोल्या म्हणजे जुना गोठा होता. साताऱ्याला पाहुण्याला गोठ्यात उतरवलं असतं तर पुढच्या तीन पिढ्या बोलणं बंद झालं असतं. इथे त्याची जाहिरात करत होते. पण गोठा छान होता: पांढऱ्या भिंती, लाल फरशी, आणि दाराबाहेर अंजिराच्या झाडाखाली पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची आरामखुर्ची. वहिनींनी आधी खुर्ची पाहिली. मग आत येऊन कोपऱ्यातली दोन बर्नरची शेगडी पाहिली आणि तिच्यावर टॉवेल टाकला. पोपटाचा पिंजरा झाकतात तसा.

मग त्यांनी मोहनची बॅग उघडली.

शर्टांच्या खाली रवा होता. रव्याखाली पोहे, पोह्यांखाली भाजणी, बेसन, गोडा मसाला, आणि मोज्यात गुंडाळलेली हिंगाची डबी.

"अहो, हे काय?"

"इमर्जन्सी."

"कसली इमर्जन्सी?"

"समजा, इथलं जेवण नाही मानवलं कोणाला. तू करू नकोस, मी कुठे म्हणतोय? नुसतं जवळ असलेलं बरं. ऑक्सिजनचा सिलिंडर असतो ना, तसं."

"मोज्यात हिंग?" मीनल म्हणाली. "दॅट इज सो ग्रॉस, बाबा."

वहिनींनी बॅग बंद केली, एक जुना दिवाळी अंक घेतला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. पहिलं पान उलटायच्या आत मालकीणबाई वाट चढून वर आल्या. नाव अस्सुंता. वहिनींच्याच वयाच्या, तशाच ठेंगण्या, तशाच पदर खोचल्यासारख्या चालणाऱ्या. फक्त पदराच्या जागी एप्रन. त्यांनी निळ्या काठाचं मातीचं वाडगं वहिनींच्या हातात ठेवलं, इटालियनमध्ये पुष्कळ काही बोलल्या आणि गेल्या. वाडग्यात पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची, वर तेल सोडलेली, कसला तरी पाला घातलेली उसळ होती. उसळच ती. तिघांनी पावाने पुसून खाल्ली.

वहिनींनी वाडगं धुतलं, पुसलं आणि हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मोहनने विचारलं.

"रिकामं कसं देणार?"

"अगं, इटलीत आहोत आपण."

"इटलीत शेजार नसतो का?"

"आई, ती तिची डिश आहे," मीनल म्हणाली. "जस्ट गिव्ह इट बॅक!"

"भांडं रिकामं देत नसतात."

"हू सेज?"

कोण म्हणतं हे वहिनींना सांगता येईना. ते कोणी म्हणत नसतं. आई शेजारणीचं भांडं परत करताना बघून बघून मुलींना ते येतं, जसं चालता येतं.

"चार दाणे साखर टाक आणि दे," मोहनने तोड काढली. तीही रीत आहेच.

"ते साताऱ्याला ठीक. हिला वाटेल, साखर सांडली होती, धुवायचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडीवरचा टॉवेल निघाला. "एकदाच," वहिनी म्हणाल्या आणि इटालियन लोण्यात रवा भाजायला घेतला.

अस्सुंताबाईंनी शिऱ्याचा घास घेतला, डोळे मिटले आणि तर्जनी गालात खुपसून गोल फिरवली. वहिनी घाईने परत आल्या. "अहो, बिचारीची दाढ दुखतेय. तुमच्याकडे लवंग असेलच." होतीच. पण ती बाई इतकी खूश दिसत होती की मीनलने प्रवासाच्या पुस्तकात पाहून खुलासा केला: इथे चव आवडली की असं करतात.

वहिनी खुलल्या. पंधरा वर्षं लोक त्यांच्या हातचं खात आले होते, पण गाल कोणी पोखरला नव्हता.

दुपारी वाडगं परत आलं. भरलेलं. भोपळ्याच्या फुलांची भजी.

"म्हणजे हिच्याकडेही तेच आहे," वहिनी म्हणाल्या आणि मट्‌कन खुर्चीत बसल्या. तेवढंच काय ते बसणं झालं. भज्यांच्या वाडग्यातून कांदेपोहे गेले. पोह्यांच्या वाडग्यातून वांग्याचं काहीतरी आलं. वांग्यावर बटाटेवडे गेले. त्यावर मधातली अंजिरं आली. रात्रीचं जेवण जाहिरातीप्रमाणे अस्सुंताबाईच घालत. तिथे वहिनींना बोट लावावं लागत नव्हतं. पण दिवसभर त्या गोठ्यात उभ्या होत्या. मोहन आणि मीनल सिएना पाहून आले, त्या चौकाचं वर्णन करू लागले. वहिनी ऐकत होत्या आणि बटाटे कुस्करत होत्या. आरामखुर्चीत मोहन असायचा. कोणीतरी बसायला हवंच होतं.

"सुप्रभा, सोड ना आता," तो तिथून म्हणे. "तुझा आठवडा चाललाय."

"तुम्ही भाजणी आणली नसतीत तर मी काय करणार होते?"

त्याची इमर्जन्सी फार खोल होती.

बुधवारी थालीपिठं गेली. वहिनी वाडगं देऊन वळल्या, अर्ध्या वाटेवर त्यांना झाकलेलं फडकं विसरल्याचं आठवलं, म्हणून परत गेल्या. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. अस्सुंताबाई स्टुलावर बसल्या होत्या. एक चप्पल पायातून गळून पडलेली, मांडीवर वाडगं, वाडग्यात थालीपिठं. त्या थालीपिठांकडे बघत होत्या. मग त्यांनी उसासा सोडला.

इटालियन भाषेतलं वहिनींना काही समजत नव्हतं, पण हा उसासा समजला. "आम्ही अजून दोन दिवस राहतो," असं पाहुणे म्हणाले की फ्रिजचं दार उघडताना तो त्यांच्या स्वतःच्या तोंडून निघे. फडकं तिथेच सोडून त्या पाऊल न वाजवता परतल्या.

संध्याकाळी वाडगं आलं. त्यात शिळ्या पावाचा कुस्करा होता, टोमॅटो आणि कांदा घातलेला. चव उत्तम. पण फोडणीची पोळी कोणत्या दिवशी होते हे वहिनींना कोणी शिकवायला नको होतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी वाडगं धुतलं, लखलखीत पुसलं.

"आज काय?" खुर्चीतून मोहनचा आवाज आला.

"आज काही नाही."

मोहन उठून बसला. वहिनी वाडगं दोन्ही हातांत धरून टेकडी उतरायला लागल्या. मागून मीनल बघत होती. ती सांगते, आई अशी चालत होती की जणू परीक्षेचा निकाल घ्यायला निघालीय आणि तो काय आहे हे आधीच ठाऊक आहे.

अस्सुंताबाईंनी वाडगं घेतलं. आत पाहिलं. जरा तिरपं करून पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं.

"काही नाही," वहिनी मराठीत म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. "रिकामं आहे."

बाईंनी स्टूल ओढलं. मग त्यांनी वाडगं सर्वांत वरच्या फळीवर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी ठेवलं. वहिनींचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. नंतर दोघी मागच्या पायरीवर बसल्या. बाईंनी चपला काढल्या, वहिनींनीही काढल्या. बोलणं आपापल्या भाषेत झालं. विषय नवऱ्यांचा होता, असं वहिनींचं म्हणणं आहे, आणि एकही शब्द चुकला नाही.

त्यानंतर शेगडीवर टॉवेल पडला तो घरी परतायच्या दिवसापर्यंत तसाच राहिला. खुर्ची रिकामी झाली. मोहन गवतावर गेला. दिवाळी अंक मात्र वाचून झाला नाही. पहिल्याच गोष्टीत वहिनींना झोप लागली. औषधाशिवाय इतकी गाढ झोप आपण पाहिली नव्हती, असं भूलतज्ज्ञांचं मत पडलं.

निघायच्या दिवशी अस्सुंताबाई गाडीपाशी आल्या आणि खिडकीतून त्यांनी तेच वाडगं वहिनींच्या मांडीवर ठेवलं. ठेवण्याआधी उपडं करून दाखवलं. त्यातून काही पडलं नाही. दोघी हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मोहनने मीनलकडे पाहिलं, मीनलने मोहनकडे, आणि त्याने गाडी चुकीच्या बाजूने सुरू केली.

स्लाऊला फार काही बदललं नाही. विमानं उतरतात, माणसं डोकावतात, जेवून जातात. निळ्या काठाचं वाडगं स्वयंपाकघराच्या खिडकीत असतं. कोणी सहज त्यात लिंबं ठेवायला गेलं तर वहिनी म्हणतात, "राहू दे, ते रिकामंच असतं."

पुढच्या दिवाळीत आमच्या ईलिंगच्या घरून, म्हणजे माझ्या बायकोने, अलकाने, त्यांना बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवला. पंधरा दिवसांनी मोहन तो पोचवायला आला. अलकाने झाकण उघडलं. आत पाहिलं. हलवून पाहिला.

"रिकामा?" ती मला म्हणाली. "सुप्रभाने? रिकामा डबा?"

मग तिने तो कपाटात ठेवून दिला, कपाट लावलं आणि खुर्ची ओढून बसली.

"बाई शहाणी आहे," ती म्हणाली. "आता मला काही पाठवायला नको."