चौथी डोई

१९५४ सालच्या पौषात आमच्या खळ्यावर ठरलं : न्हाव्याला डोईमागं वर्षाला चार पायल्या ज्वारी, डोया चार, एकूण सोळा. हजर तिघं : मी, माझी थोरली विधवा बहीण आक्का आणि नारायण न्हावी. घरात पुरुष तीनच होते, मी आणि दोन मुलगे. चौथी डोई कुणाची, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

ती आक्काची. सत्तावन्न वर्षांची आक्का, पाळी जाऊन नऊ वर्षं झालेली — आणि तिला दाढी आली. आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस गेले. करणी म्हणणाऱ्यांना, भूत म्हणणाऱ्यांना मी उंबऱ्याबाहेर काढलं. पुन्हा काढीन. तेव्हापासून नारायण दर चार दिवसांनी पहाटे मागच्या दारानं यायचा. आक्का पाटावर बसून माझ्याकडे बोट दाखवत हसायची, "सांग रे नारायणा, याच्यापक्षा माही दाढी दाट हाय का नाही?"

"हसू नोका, आक्का. गाल कापला तं मालक माही ज्वारी कापतीन."

इथवर ऐकून तुम्ही मला चांगला म्हणाल. म्हणू नका.

फाल्गुनात तिचं पोट दुखू लागलं. अकोल्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून मला एकट्याला आत बोलावलं — बायकांचं दुखणंही घरच्या पुरुषाला सांगायची रीत. अंडाशयाला गाठ असावी, म्हणाल्या. पाळी गेल्यावरही अशी गाठ होते; तीच पुरुषाच्या अंगातला रस रक्तात सोडते, म्हणून दाढी. पंधरा दिवसांत आणा, काढली तर वाचतील.

आक्का बाहेर बाकावर बसली होती. तिला मी काय सांगितलं? "वयाचं हाय म्हणते. गोळ्या घे."

"तू म्हणतो तं तसंच असन," ती म्हणाली. "तुहा हिशेब कधी चुकला?"

का बोललो खोटं? खर्चाला भिऊन नाही — बैलजोडी विकली असती. वैशाखात मुलीचं लग्न होतं, रिठदला दिलेली. आक्का महिनाभर दवाखान्यात राहिली असती तर चौकशी झाली असती — या घरच्या बायकांना दाढ्या येतात म्हणे! मी दिवस मोजत राहिलो. लग्नाच्या दिवशी आक्का कोठीत बसून होती. मीच बसवली.

पंधरा दिवसांऐवजी एक्याऐंशीव्या दिवशी तिला नेलं. पोट उघडलं आणि तसंच शिवलं. गाठ सगळीकडे पसरली होती.

मुलगी सुखात आहे. ते मी या एक्याऐंशी दिवसांतून वजा करत नाही. आणि नशीब होतं, असं माझ्यापुढे कुणी म्हणू नये — दिवस मी मोजले होते, नशिबानं नाही.

कार्तिकात आक्का गेली. पौषात नारायण खळ्यावर आला, पोतं पसरलं आणि खाली बघत म्हणाला, "यंदा तीनच डोया, मालक."

मी पायली हातात घेतली. सोळा मोजल्या. नारायण न्हाव्याला दिल्या.