मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट

सत्तरच्या दशकात नागपूरच्या कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली एक टायपिस्ट बसायचा. प्रत्येक अर्जाआधी तो जुन्या टूथब्रशनं मशीनची अक्षरं घासायचा. आपण मजकूर सांगत असताना मान वर करायचा नाही.

मी कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होतो. तिथं क्वार्टर मिळावं म्हणून मी त्याला साहेबांच्या नावे इंग्रजी अर्ज सांगत होतो. शेवटी म्हटलं, "युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट."

त्याचे हात थांबले. "ते मी लिहीत नाही, भाऊ. 'युवर्स फेथफुली' लिहून देतो."

साहेब बिघडले तर क्वार्टर जायचं, ही मला भीती. मी म्हणालो, "अहो, त्याचा अर्थ आता कोण धरतो? जुनी रीत आहे. इंग्रज साहेबही एकमेकांना असंच लिहायचे."

"एकमेकांले लिहीत," तो म्हणाला. "माझा बाप छप्पनच्या धम्मदीक्षेच्या आधी पाटलाले वाकून जोहार घाले. लोक म्हणत, नुसता रामराम तर आहे, काहून मनाले लावून घेतं गा? पण पाटलानं त्याले कधी परत जोहार घातला नाही."

मी 'युवर्स फेथफुली'खाली सही केली.

क्वार्टर मिळालं. साहेबांच्या पत्राखाली मात्र फेथफुलीसुद्धा नव्हतं, नुसती सही होती.