छप्पर कापलेली चिलखती गाडी

टीव्हीवर रोज ड्रोनच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमच्या साहेबांना विमानविरोधी तोफेची ओढ लागली. सैनिकांना आत बसवून नेणारी एक जुनी चिलखती गाडी आमच्या शेडमागे वर्षानुवर्षं उभी होती. जुळ्या नळ्यांची एक जुनी विमानविरोधी तोफ स्टोअरमध्ये पडून होती. साहेबांनी एके सकाळी दोन्ही पाहून घेतल्या आणि एकीवर दुसरी चढवायचं ठरवलं.

"किती सोपं आहे मॅडम," ते मला म्हणाले. "काहून कोणाला सुचलं नाही आजवर?"

सुचलं पुष्कळांना होतं. जगात अनेक देशांनी अशा गाड्या केल्या आहेत, आणि नीट केल्या आहेत. पण त्यासाठी आधी गणित करावं लागतं, आणि साहेबांना गणिताचा मनापासून कंटाळा होता. त्यांना आवडायचं ते रिबन, रंग आणि फोटो.

मी जबलपूरच्या त्या कारखान्यात डिझाइन विभागात काम करते. वडीलही अशाच एका कारखान्यातून निवृत्त झाले. अधारतालच्या आमच्या घरात कारखान्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढत नसे. साहेब नागपूरकडचे. आम्ही दोघं मराठीत बोलायचो, म्हणून बाकीच्यांना वाटे की आमचं फार जमतं.

साहेबांचा बेत असा, की गाडीचं छप्पर मधोमध कापायचं आणि त्या जागी तोफ बसवायची. मी सांगितलं, "सर, छपराखालच्या आडव्या पट्ट्यांनीच ही गाडी ताठ धरली आहे. त्या कापल्या तर खाली फरशीपासून नवा सांगाडा उभा करावा लागेल. तोफेचा धक्का त्या सांगाड्यातून खाली गेला पाहिजे, नुसत्या पत्र्यावर नको."

"वेळ किती लागेल?"

"काही महिने तरी."

"पाहुणे पुढच्या महिन्यात येऊन राहिले," साहेब म्हणाले. "आणि ते काय तोफ चालवून पाहणार आहेत?"

छप्पर कापलं गेलं. उरलेल्या कडांवर एक जाड पत्रा वेल्ड केला, त्यावर तोफ बोल्टांनी कसली. मग रंगकाम निघालं, आणि त्यात मात्र कसलीही घाई झाली नाही. हिरव्या रंगाच्या तीन छटा बदलल्या. ज्या माणसाला पट्ट्यांच्या जाडीवर पाच मिनिटं बोलवत नव्हतं, तो छटेवर अख्खी दुपार बोलला.

दिल्लीचे पाहुणे आले. साहेबांनी त्यांना गाडीभोवती फिरवून सांगितलं की हे सगळं संपूर्ण स्वदेशी आहे. गाडी मुळात परदेशी बनावटीची, तोफही परदेशी. त्यांना जोडणारा पत्रा तेवढा खरंच आमचा होता. टाळ्या वाजल्या. पण पाहुणे हौशी निघाले.

"फायरिंग कब दिखा रहे हो?" त्यांनी विचारलं.

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते म्हणाले, "बस, जल्दी ही, सर."

शहराबाहेरच्या फायरिंग रेंजवर चाचणी ठरली. तोफेवर बसायला लष्करातला नायक हुद्द्याचा एक जवान आला, चाळिशीकडे झुकलेला, शांत माणूस. तो वर चढून सीट पुसायला लागला तेव्हा मला राहवलं नाही. मी साहेबांना म्हणाले, "सर, माणूस बसवून फायर करायचं नाही. हा पत्रा टिकणार नाही."

"काहून अपशकुन करून राहिल्या, मॅडम? सगळे बघून राहिले."

मी त्यांना तिथेच सोडलं आणि चाचणीचे प्रमुख असलेल्या मेजरकडे गेले. मला काय वाटतं ते साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नायकाला खाली उतरवलं. तोफ पायाने दाबायच्या पेडलवर चालायची. त्या पेडलला लांब दोर बांधायचं ठरलं. इकडे तंबूत साहेब पाहुण्यांना 'लेडीज लोगों का डर' समजावत होते. दोन-तीन जण हसले. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने हसले.

दोर ओढला. पहिल्या काही गोळ्या सुटल्या आणि पत्रा एका कडेने फाटत गेला. तोफ मागे कलंडली आणि तिची सीट गाडीच्या काठावर चेपून सपाट झाली.

नायक चालत गाडीपर्यंत गेला, चेपलेल्या सीटवर त्याने हात ठेवला आणि तसाच परत आला. मग कोणीतरी चहा आणला.

आता साहेब निदान गप्प बसतील, असं मला वाटलं. पण ते घसा साफ करून पाहुण्यांकडे वळले.

"देखा सर? इसीलिए हमने शुरू से बिना गनर की तोप सोची थी."

पाहुण्यांनी मान डोलावली. त्याच कल्पनेवर साहेबांची दिल्लीला बढती झाली. निरोपसमारंभात त्यांना दूरदृष्टीचे म्हटलं गेलं, आणि हार घालणाऱ्यांच्या रांगेत मलाही उभं राहावं लागलं.

ते गेल्यावर मी दुसरी गाडी मागून घेतली. फरशीपासून सांगाडा उभारला, दुरुस्त केलेली तोफ त्यावर खालच्या उंचीला बसवली, महिनेच्या महिने गेले. चाचणीच्या आधी दिल्लीहून फोन आला.

"आपली गाडी तयार झाली म्हणे?" साहेब म्हणाले. "मी यायचं म्हणतो."

"या ना सर," मी म्हणाले. "पहिला राउंड तुम्हीच सोडा, गनरच्या सीटवर बसून."

त्या दिवशी त्यांना नेमकी मीटिंग निघाली.

चाचणीला तोच नायक आला. मी गाडीपासून हाकेच्या अंतरावर उभी होते. तोफ धडधडली, गाडी मागे दबली आणि पुन्हा सरळ झाली. नायक वरून उतरला, कानातले बोळे काढले आणि म्हणाला, "ठीक है, मॅडमजी. एक बार और चलाते हैं."