किसनच्या माथी मारलेला गोल

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. ऐका, एवढंच.

हैदराबाद राज्याचे तुकडे होऊन मराठवाडा मुंबईकडे गेला, ती वर्षं. आम्ही काही मराठी घरं इथेच, हैदराबादेत राहिलो. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात मराठी दोघंच — गोलात किसन, त्याच्यापुढे बचावाला मी. माझे वडील वकील, त्याचे त्याच कोर्टात पट्टेवाले. मैदानात आम्ही एकमेकांना मराठीतच ओरडून सांगायचो. समोरच्यांना कळत नसे. आमच्याच पोरांनाही कळत नसे — आणि तेच माझ्या पथ्यावर पडलं.

त्या हंगामात आम्ही सपाटून मार खाल्ला. एकही सामना जिंकला नाही. तरी किसनचं नाव झालं होतं. तो नसता तर दुप्पट गोल बसले असते. एका सरकारी खात्याचे साहेब आपल्या संघासाठी गोलकीपर शोधत होते. संघात घेतलं की नोकरी पक्की. शेवटच्या सामन्याला ते किसनलाच बघायला आले. त्याच्या वडिलांची नोकरी संपत आलेली, घरात खाणारी तोंडं सहा. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

सामना बरोबरीत. संपत आलेला. चेंडू आम्हा दोघांच्या मधे आला. किसन झेपावणार, तोच मी ओरडलो — "राहू दे, माझा!" तो थांबला. आणि मी? समोरून त्यांचा धिप्पाड फॉरवर्ड बूट घालून धावत आला, मी अनवाणी — मी पाय मागे घेतला. गोल झाला.

कोच किसनवर उखडले. "क्या मियाँ, बुत बनके कायकू खडा था?"

"साब, इने बोला, छोड दे बोलके."

कोच माझ्याकडे वळले. "बोला क्या रे तू?"

"नै साब. मैं कुछ नै बोला."

किसन भांडला नाही.

एवढंच असतं तर... पण एवढंच नाही. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं — पोरगा गुणी दिसतो, आज असं कसं झालं? त्यांना त्याला घ्यायचंच होतं हो! मी म्हणालो, "त्याचं मन इथे नाही, साहेब. त्याची माणसं मुंबई राज्यात जायला निघालीत." धादांत खोटं. मी भ्यालो हे कुणाला कळू नये, म्हणून. मला त्या क्षणी हायसं वाटलं — याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

त्याला नोकरी मिळाली नाही. कॉलेज सोडून तो अफझलगंजच्या एका दुकानात कामाला लागला. पुन्हा कधी गोलात उभा राहिला नाही. भेटला की माझी विचारपूस करायचा. एकदा म्हणाला, "साहेबांचं चुकलं नाही रे, माझाच खेळ कमी पडला."

मी मान डोलावली.