पारोळ्याला उतरून पाठवलेला अलर्ट

जळगावहून येणारी बस पारोळ्याच्या स्टँडवर थांबली तशी मी बॅग उचलली आणि दाराकडे निघाले.

"ताई, तुमनं तिकीट धुळ्यानं शे ना? आठे काबरं उतरी ऱ्हायनात?" कंडक्टर म्हणाला.

"काम आलं," म्हटलं आणि उतरले.

काम म्हणजे फोनवरचा अलर्ट. मी धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि गॅमा किरणांचे स्फोट टिपणाऱ्या एका उपग्रहाच्या टीममध्ये आहे. फार दूर एखादा प्रचंड तारा कोसळतो, तेव्हा काही सेकंद गॅमा किरणांचा झोत सुटतो. तोच हा स्फोट. त्या आठवड्यात ड्युटी माझी होती. स्फोट खरा वाटला तर जगभरच्या दुर्बिणींना कळवायचं. मागे राहिलेला उजेड काही तासांत विझत जातो. उशीर झाला की हातचं गेलं.

हा अलर्ट सॉफ्टवेअरने "खोटा" म्हणून बाजूला टाकला होता. मला ते पटेना. किरणांची मोजणी झपकन चढून सावकाश उतरली होती. खरे स्फोट पुष्कळदा असेच दिसतात. बसमध्ये रेंज येत-जात होती, म्हणून उतरले.

स्टँडसमोर ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. मालक नानांनी काही न विचारता स्टूल सरकवलं. लॅपटॉप उघडून मी पुण्याला आमच्या टीमप्रमुख सरांना फोन लावला.

"सोड ते," सर म्हणाले. "उपग्रह आत्ताच ब्राझीलवरच्या पट्ट्यातून बाहेर आलाय. तिथे विद्युतभारित कणांचा मारा असतो. असले खोटे अलर्ट तिथे नेहमीचेच."

"पण सर, यंत्राने काढलेल्या आकाशाच्या चित्रात ठिपका दिसतोय."

"फिकट आहे. खोटा अलर्ट गेला की पुढच्या वेळी आपल्यासाठी कोणी दुर्बीण वळवत नाही."

ते खरंच होतं. मला राग आला, पण रागाला कोण पुरावा मानणार? "थोडा वेळ द्या," म्हणून फोन ठेवला.

"वरे काय फुटनं का ताई?" नानांनी विचारलं.

"तारा, नाना."

"मंग आमले काबरं दखास नई?"

"हवा ते किरण खाली येऊच देत नाही. म्हणून तर उपग्रह."

दुकानाच्या पत्र्याला भोकं होती, फरशीवर कवडसे पडले होते. मी तिकडे बोट दाखवलं. उपग्रहावरच्या आमच्या यंत्रावरही असाच भोकांचा पत्रा असतो. कवडसे कुठे पडले यावरून उजेड कुठून आला ते कळतं. ते कण मात्र चहूबाजूंनी घुसतात, त्यांचे असे कवडसे पडत नाहीत.

मग यंत्राच्या दोन अर्ध्या भागांची नोंद वेगळी केली आणि प्रत्येकाचं वेगळं चित्र काढायला घेतलं. रेंज गेली. परत आली. पुन्हा गेली. नानांनी त्यांचा फोन पुढे केला, त्याच्या नेटवर काम झालं. दोन्ही चित्रांत ठिपका त्याच जागी आला. नुसत्या कणांचा गोंधळ असता तर तो दोन्हीकडे एकाच जागी आला नसता.

दोन्ही चित्रं सरांना पाठवली. त्यांचा फोन आला.

"पाठव. पण खाली नाव तुझं."

"माझंच टाकते."

दुर्बिणींना अलर्ट पाठवला आणि पुढच्या बसने धुळ्याला गेले. वाटभर जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी परदेशातल्या एका दुर्बिणीचा निरोप आला: सांगितलेल्या जागी, जुन्या फोटोंत नसलेला एक अंधुक ठिपका आहे आणि तो विझत चालला आहे. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

सरांनी अभिनंदन केलं आणि नियम बदलला. आता त्या पट्ट्याजवळचे अलर्ट सॉफ्टवेअर परस्पर फेकत नाही, माणसाने तपासायचे. तो माणूस मीच. बहुतेक खोटे निघतात. हट्ट धरून जिंकलं की पुढचं काम आपल्याच गळ्यात पडतं, एवढं मात्र शिकले.