गॉर्समधला लावा

शनिवारी मी उपास करतो. आई मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा धरलेला शनिवार मी न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आल्यावरही सोडला नव्हता. आणि तिथे पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारीच सुरू होतो. २०१४ साली शेजारी राहणारे तिथलेच एक म्हातारे, पेशाने सुतार, मला बरोबर न्यायला तयार झाले. बायकोला सांगितलं, नुसतं बघायला जातोय. परवाना मात्र मी गुपचूप काढला होता.

बरोबर त्यांची एक शिकारी कुत्री होती. टेकडी चढताना त्यांनी नियम सांगितले. पक्षी नक्की ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही. माणसं आणि कुत्री कुठे आहेत ते आधी बघायचं. पक्षी पडला की त्या जागेवरून नजर काढायची नाही, आणि तो हाती लागेपर्यंत दुसरा बार नाही. जखमी पक्षी मागे सोडणं त्यांच्या लेखी पाप होतं. शिवाय त्यांच्या घरची एक रीत होती: पहिला पक्षी ज्याने पाडला त्यानेच तो सोलायचा आणि त्याच दिवशी आपल्या घरच्यांना खाऊ घालायचा.

थवा भर्रकन उठला. आपले लावेच, फक्त डोक्यावर तुरा. त्यांच्याच बंदुकीने मी बार काढला. एक पक्षी कलंडला, गॉर्सच्या काटेरी झुडपांपाशी पडला आणि लोंबत्या पंखाने पळत आत शिरला. मी स्पष्ट पाहिलं. त्याच क्षणी घरचा ओटा, भिजत घातलेला साबुदाणा आणि बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

म्हातारे माझ्या मागेच उभे होते, पण ऊन त्यांच्या डोळ्यांवर होतं. त्यांनी विचारलं, "लागला?"

"नाही. नेम चुकला."

त्यांची कुत्री मात्र गॉर्सपाशी जाऊन उभी राहिली. शिट्टी घातली तरी हलेना.

"नक्की ना, मेट?" दोस्त म्हणायचं तर ते मेट म्हणत.

मी मान डोलावली. मग त्यांनी तिला दरडावलं आणि पट्ट्याला धरून ओढत आणलं.

"म्हातारी झाली बिचारी," ते म्हणाले. "नाक गेलं तिचं."

माझ्या शब्दावर त्यांनी तिला खोटं ठरवलं. तेव्हाही बोलता आलं असतं. पक्षी दहा पावलांवर होता. मी त्यांच्या मागून चालू लागलो. संध्याकाळी घरी येऊन खिचडी खाल्ली. उपास मोडला नव्हता.

पुढच्या हंगामात त्यांनी कुत्रीला नेलंच नाही. मला विचारलं होतं, मी काम आहे म्हणालो. सकाळी त्यांची गाडी निघाली आणि कुंपणापलीकडे ती कितीतरी वेळ भुंकत राहिली. बायको म्हणाली, "आज काय झालंय हिला?"

मी उठून खिडकी लावून घेतली.