तुळसाला काय येतं?

गेम बनवणाऱ्यांच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. चहा गार व्हायच्या आत एखादा घडलेला असतो! पेणमध्ये एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस. माणसं तीन. कंपनी चालवणारा रोह्याचा नितीन, चित्रं काढणारी हमरापूरची स्नेहा आणि संवाद लिहिणारा मी.

आमच्या गेममधला हिरो औषध घेऊन घाट ओलांडतो. वाट दाखवायला सोबत तुळसा नावाची म्हातारी. नितीनने पहिल्याच मीटिंगमध्ये जाहीर केलं, "तिसऱ्या लेव्हलला दरड कोसळते, तुळसा मरते. हिरोला राग येतो, गेमला वेग येतो!"

स्नेहा म्हणाली, "आणि तुळसाला काय येतं?"

*

माझे पहिले संवाद असे: "इकडे वळ." "सांभाळून." "पुढे पूल हाय."

स्नेहाने वाचले. "ही बाई हाय की रस्त्यावरची पाटी?"

मग मी तुळसाला वालाच्या बिरड्याची आवड दिली आणि कोलाडच्या बहिणीशी जुना अबोला दिला. नितीन वैतागला. "अबोल्याचा गेममध्ये उपयोग काय?"

"तुझ्या मिशीचा कंपनीत काय उपयोग हाय?" स्नेहाने विचारलं.

अबोला राहिला. मिशीही राहिली.

*

तुळसाच्या आवाजासाठी नितीनने स्वतःच्या आईलाच रोह्याहून आणलं. भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंग सुरू झालं. वाक्य होतं, "चल लवकर, वेळ नाय."

काकू म्हणाल्या, "चल लवकर, वेळ नाय. पाणी प्यायलास काय रे?"

"आई, स्क्रिप्टमध्ये पाणी नाय!"

"का? त्याला तहान लागत नाय?"

पाणी ठेवलं.

*

शेवटी दरडीचा सीन आला. काकूंनी कागद वाचला, चष्मा काढला.

"मी मरते कशाला?"

"हिरोला राग यावा म्हणून," नितीन म्हणाला.

"बरं. मग इतका वेळ जगत होते ती कशासाठी?"

नितीनने माईक बंद केला आणि आईला बिरडं खायला बाहेर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी नवा सीन लिहून आणला. दरड कोसळते, तुळसा वाचते आणि तडक कोलाडला बहिणीच्या दारात जाऊन उभी राहते. नितीनने फक्त एवढंच विचारलं, "पहिलं कोण बोलतं रे, ही की बहीण?"

*

गेम लोकांना दाखवायला आम्ही रोह्यात एका हॉलमध्ये टेबल मांडलं. पोरांच्या रांगेत एक काका उभे होते, एकटेच. त्यांचा नंबर आला. घाटात चढण लागली की तुळसा दमून दगडावर बसते. बटण दाबलं की लगेच उठते, नाही दाबलं तर दम खाऊन आपली आपण. काकांनी बटण दाबलंच नाही. हिरोला तिच्याशेजारी नेऊन उभं केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मागची पोरं कुरकुरायला लागली. स्नेहा हळूच वाकली. "काका, हे बटण दाबा, उठेल ती."

"माहिताय गो," काका स्क्रीनकडे बघतच म्हणाले. "तिचं तिला उठू दे."